राखून ठेवलेल्या दोनशे जागा

पगारे सरांनी कधी कुणाचा फोन आधी ठेवला नाही. बोलणं संपलं, "बरंय, ठेवू का" झालं, तरी हा माणूस आपला फोन कानाला लावून बसलेला. समोरच्यानं ठेवला, टुक असा आवाज आला, की मग सावकाश फोन खाली ठेवणार. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, सरांना ऐकू कमी येत असेल. एक दिवस विचारलंच, तर म्हणाले, "अहो ताई, ठेवता ठेवता माणसाला खरी गोष्ट आठवते. तोवर आपण ठेवलेला असतो."

एकदा भंडारदऱ्याकडच्या एका शेतकऱ्यानं फोन बंद न करताच खिशात टाकला. सर पाऊण तास ऐकत बसले. बैलाला शिव्या घालून झाल्या, मेहुण्याशी भांडण झालं, कुठंतरी चहा झाला, आणि हे कान लावून ढिम्म. माझ्या टेबलावर दुसरे फोन वाजून वाजून थकले. मी हातवारे करून सांगतेय, ठेवा हो, आणि हे बोट वर करून मला थांबवतायत. शेवटी त्या माणसाला खिशात काहीतरी गरम लागलं असणार. त्यानं फोन काढून विचारलं, कोण बोलतंय? सर म्हणाले, "पगारे बोलतोय, श्रीरामपूरहून. तुमचं काही राहिलं का?" मी इतकी हसले की पाणी सांडलं टेबलावर. आता आठवलं तरी हसू येत नाही.

विल्सन पगारे त्यांचं पूर्ण नाव. मार्केट यार्डाच्या मागं स्पेअर पार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं, अजून आहे. आमची कंपनी शेतातल्या मोटारीला लावायची पेटी बनवते. पेटीत सिमकार्ड असतं. शेतकऱ्यानं घरी बसून मोबाईलवर हिरवं बटण दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद. दिसायला एवढं सोपं, पण बटण आणि मोटार यांच्या मध्ये एक सर्व्हर बसलेला असतो. सगळ्या पेट्या त्याच्याशी बोलतात, सगळे फोन त्याच्याशी बोलतात, आणि त्याच्या पोटातला प्रोग्राम पगारे सरांनी एकट्यानं लिहिलेला. मी तक्रारीच्या फोनवर बसायचे. म्हणजे शिव्या माझ्या वाट्याला आणि दुरुस्ती त्यांच्या.

अंगानं काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, आणि वरच्या खिशात पेनाशेजारी चिनी मातीचा एक जुना फ्यूज. त्यांचे वडील साखर कारखान्यात वायरमन होते, त्यांचा तो. वडील खांबावर चढायच्या आधी फ्यूज काढून खिशात घालायचे, म्हणजे ते वर असताना खाली कुणी शहाणा चालू करणार नाही. पूर्वी आपल्याकडं विहिरीत उतरणारा माणूसही हेच करायचा. आमची पेटी आली आणि ती सवय मोडली. खांब शेताच्या त्या टोकाला, तिथवर कोण जाणार, मोबाईल आहे की हातात! सरांना हे फार लागायचं. नवीन पेटी बसवली की ते स्वतः शेतकऱ्याला फोन करायचे आणि पेटीबद्दल काही न विचारता आधी विचारायचे, फ्यूज खिशात घालता ना? लोकांना वाटायचं, म्हातारा जरा सटकलेला आहे.

सरांचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता. चालू उशिरा झालं तरी चालेल, पण लाल बटण दाबलं की मोटार बंद झालीच पाहिजे. ऑफिसात एक पेटी त्यांनी जुन्या टेबलफॅनला जोडून ठेवली होती. रोज सकाळी आल्यावर आधी स्वतःच्या मोबाईलवरून लाल बटण दाबायचे आणि फॅनकडं बघत उभे राहायचे. पाती थांबली की मग डबा खाली ठेवणार, मग चहा. एखाद्या दिवशी फॅन थांबायला दोन सेकंद जास्त लागले तर चहा नाही. "थांबू दे ताई, आधी बघतो," म्हणून जे बसायचे ते दुपारीच उठायचे.

कनेक्शनची मर्यादा म्हणजे काय हे मला त्यांनी नाताळाच्या जेवणात समजावलं. चर्चच्या पाठीमागच्या मांडवात पंगती बसल्या होत्या आणि वाढप्यांवर देखरेख सरांची. मला म्हणाले, बघा, एका वेळी शंभर पानं मांडता येतात. वाढपी आठ, भात एवढा, जागा एवढी. पाहुणा आला म्हणून एकशेएकावं पान कुठंतरी कोपऱ्यात मांडलं, मग एकशेदोनावं, तर वाढपी एकमेकांना धडकतात आणि आधीच्या शंभरांना पण भात मिळत नाही. सर्व्हरचं तेच. प्रत्येक पेटी एक पान अडवून बसते, आमच्या मशीनची झेप आठ हजार पानांची. आठ हजार झाले की पुढच्याला दारातच सांगायचं, थोडं थांबा. "आणि ताई, जेवून झालेला उठत नाही तो सगळ्यात वाईट," म्हणाले, आणि कोपऱ्यात गप्पा मारत बसलेल्या एकाचं रिकामं पान त्याच्या देखत उचलून नेलं.

न उठणारे म्हणजे लाईट गेलेल्या पेट्या. शेतातली लाईट जाते तेव्हा पेटी काही सांगून जात नाही, आहे तिथं गप्प होते. सर्व्हरला वाटतं ती बसलेलीच आहे. लाईट आली की तीच पेटी नव्यानं येऊन दुसरी जागा मागते. एकाच पाहुण्याची दोन पानं. म्हणून सरांचा कायदा कडक. पेटीनं दर मिनिटाला "मी आहे" म्हणायचं, लागोपाठ तीनदा म्हटलं नाही की तिची जागा काढून घ्यायची. रेंज कमी असलेल्या गावातले शेतकरी मला फोन करून ओरडायचे, आमची पेटी सारखी तुटती. मी सरांशी भांडायचे. सर म्हणायचे, "जो बोलत नाही त्याच्यासाठी जागा अडवून ठेवायची नाही. तो परत आला की दार उघडंच आहे." मी चिडवायचे त्यांना, फोनवर एवढे मायाळू आणि मशीनवर कसाई. ते हसायचे, पण तीनाची चार मिनिटं काही केली नाहीत.

आणि त्या आठ हजारांतल्या दोनशे जागा त्यांनी राखून ठेवल्या होत्या. त्या पेट्यांना मिळायच्याच नाहीत. फक्त शेतकऱ्यांच्या फोनसाठी. दारात कितीही गर्दी असली तरी लाल बटण दाबणाऱ्याला आत यायला जागा पाहिजे. मी एकदा म्हटलं, सर, दोनशे जागा दिवसभर रिकाम्या असतात, बघवत नाही. ते म्हणाले, "पेटी उशिरा जोडली तर कांद्याला पाणी उशिरा जाईल. बंद उशिरा पोचला तर..." खिशातला फ्यूज काढून टेबलावर ठेवला, जरा वेळानं परत खिशात घातला.

आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पण पेट्या विकायचा त्यांना भारी नाद. मर्यादा आठ हजार आणि पेट्या विकल्या अकरा हजार. म्हणायचे, सगळीकडं एकदम लाईट थोडीच असते. आणि पगारे, तो आकडाच बदलायचाय ना, आठच्या जागी बारा लिही. सरांनी एकदा साहेबांच्या समाधानासाठी लिहून दाखवला. वीस मिनिटांत मशीन आडवं झालं, तासभर कुणाची मोटार चालू होईना आणि बंद होईना. तेव्हापासून साहेब आकड्याचं बोलायचे नाहीत, पण नवीन मोठं मशीनही घ्यायचे नाहीत. दिवाळीनंतर बघू, पाडव्याला घेऊ. सर दोन वर्षं मागत होते. मागायची पद्धत पण कशी, तर चिठ्ठी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवायची. तोंडानं भांडता यायचं नाही त्यांना. मला येतं, पण मी कशाला भांडले असते? माझं काम नव्हतं ते, असं मी तेव्हा म्हणायचे.

त्याच सुमाराला मनीषाचा फोन आला होता. घोडेगावच्या पलीकडं वस्तीवर राहणारी, आवाजावरून पंचविशीची असेल. नवऱ्यानं, संतोषनं, पेटी बसवली होती आणि तिला बटणं नीट समजून घ्यायची होती. "मॅडम, लाल बटन बंदचं व्हय? आमचे हे विहिरीत उतरले की फोन माझ्याच हातात ऱ्हातो. चुकलं तर काय घ्या." मी तिला दोनदा समजावलं. तिनं मला सगळं परत म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलीसारखं. शेजारून सरांनी हात पुढं केला आणि फोन घेतला. त्यांनी नेहमीचं सांगितलं, मालकांना म्हणावं, उतरायच्या आधी खांबावरचा फ्यूज काढायचा आणि खिशात घालायचा. ती म्हणाली, "सांगते की. पर खांब लई लांब हाय सर, आन् त्यांचा तुमच्या मशिनीवर लई इस्वास." मग ती जरा घुटमळली, आणि ठेवला तिनं. सरांनी सावकाश फोन मला परत दिला. कुणी विश्वास दाखवला की त्यांचा चेहरा उतरायचा, हे मी आणखीही दोनचारदा पाहिलं होतं.

दिवाळी झाली, कांद्याच्या लागणी सुरू झाल्या. आपल्याकडं शेताच्या लाईटीचं टायमिंग सोमवारी बदलतं, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. टायमिंग बदललं की त्या भागातल्या सगळ्या पेट्या एकाच क्षणाला जाग्या होतात आणि सर्व्हरच्या दारात तुंबतात. त्या सोमवारी सकाळपासून माझा फोन खाली ठेवता येत नव्हता. पेटीवर लाल लाईट लागलीय, जोडत नाही, रोपं सुकली, तुमच्या कंपनीला आग लावतो. एकानं तर माझ्या आईवरून शिवी दिली. मला रडू यायला लागलं, रागानं. मी उठून सरांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "सर, त्या दोनशे जागा मोकळ्या पडल्यात. आजच्या दिवस द्या ना पेट्यांना. माझ्याच्यानं ऐकवत नाही आता."

त्यांनी नाही म्हटलं. मी परत जाऊन बसले. परत फोन, परत शिव्या. अर्ध्या तासानं सरांनी माझ्याकडं बघितलं, मी डोळे पुसत होते, आणि त्यांनी खुर्ची वळवून काहीतरी टाइप केलं. म्हणाले, "संध्याकाळपर्यंतच हं, ताई." जागा दिल्या. दहा मिनिटांत माझे फोन कमी झाले. मी त्यांना चहा करून दिला, आलं घालून. हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगते आहे.

मंगळवारच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. विहिरीत उतरलेल्या शेतकऱ्याचा विजेच्या धक्क्यानं मृत्यू. गाव वाचलं, नाव वाचलं आणि पेपर सरांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, एकदाच. मग सर्व्हरची नोंद उघडली. सर्व्हर आल्यागेल्याची एक एक ओळ लिहून ठेवतो. आत घेतला त्याचीही, परत पाठवला त्याचीही.

काय झालं ते त्या ओळींत होतं, बाकीचं नंतर गावाकडून कळलं. लाईट चारला येणार असं गावात सगळे धरून होते, जुन्या टायमिंगप्रमाणं. म्हणून संतोष दुपारी विहिरीत उतरला, पाइपाचं काहीतरी करायला. फ्यूज खांबावरच. पेटी ऑटोवर, म्हणजे लाईट आली की आपोआप मोटार सुरू. फोन बायकोच्या हातात. लाईट आली दोन वाजून नऊ मिनिटांनी. लाईट आल्याबरोबर मोटार सुरू होत नाही, पेटी दोन मिनिटं थांबते. ही दोन मिनिटं सरांनीच घातलेली होती, माणसाला सावरायला वेळ मिळावा म्हणून. विहिरीवरचा बल्ब लागला असेल, तो मनीषाला दिसला असेल, आणि तिनं लाल बटण दाबलं. सर्व्हरनं लिहिलं होतं, जागा नाही. तिनं परत दाबलं. जागा नाही. दोन मिनिटांत सात वेळा. पेटीला जागा मिळाली होती, फोनला नव्हती. सातव्या ओळीनंतर तिच्या नंबराची ओळ नव्हती. त्यानंतर ती पळाली असणार, खांबाकडं. वायर पाण्यात कुठंतरी उघडी पडलेली होती, हे पेपरात होतं.

सरांनी रोजच्या सवयीनं फॅनचं बटण दाबलं. फॅन थांबला, लगेच, एका सेकंदात. आणि ते टेबलावर डोकं ठेवून रडले. मोठ्यानं, घरात कुणी गेल्यावर रडतात तसं. खालचा स्पेअर पार्टवाला वर येऊन बघून गेला.

साहेबांना सांगितलं तर ते घाबरले. म्हणाले, पंचनाम्यात वायरचा दोष लिहिलाय, तोच खरा आहे, आपण मध्ये कशाला पडायचं? नोंदी तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, जाऊ दे. आणि सांगायला लाज वाटते, आठ दिवसांत नवं मशीन आलं. दोन वर्षं मिळत नव्हतं ते. आता मर्यादा चाळीस हजारांची आहे, कुणाला दारात थांबावं लागत नाही.

पुढच्या पंधरवड्यात गावाकडून एक गोष्ट कानावर आली. तिकडं पेट्या बसवणारा आमचा माणूस सांगत आला, की सासरच्यांनी मनीषाला दोष दिला. नवरा खाली मरत होता आणि ही वर मोबाईल बघत उभी होती, असं सगळ्या वस्तीचं म्हणणं. लांबून बघणाऱ्याला तसंच दिसलं असणार, मान खाली, फोन हातात. लगेच पळाली असती तर खांबापर्यंत पोचली असती, म्हणे. सरांनी ते ऐकलं आणि मला म्हणाले, तिनं दाबलं होतं याचा पुरावा सगळ्या जगात फक्त आपल्याकडं आहे ताई, आणि तो महिन्यानं पुसला जाणार आहे.

त्यांनी नोंद छापून घेतली. पण ती इंग्रजीत, आकड्यांत. म्हणून एका आखीव कागदावर स्वतःच्या हातानं मराठीत उतरवली, शाळेतल्या फळ्यावर लिहितात तशा अक्षरात. दोन वाजून नऊ मिनिटं वीस सेकंद. बंद करा. जागा नाही. अशा सात ओळी. खाली लिहिलं, वरील सातही वेळा बाईंनी वेळेत बटण दाबले होते, चूक सर्व्हरची आणि माझी आहे, आणि सही. मी म्हटलं, सर, साहेब कामावरून काढतील. म्हणाले, काढू देत. मी म्हटलं, मग माझंही नाव घाला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पाकिटात सरकवली.

आम्ही एसटीनं गेलो, नेवाशाला बदलून. घोडेगावचा जनावरांचा बाजार होता त्या दिवशी, रस्त्यात गाया-म्हशी आणि टेम्पो, तासभर अडकलो. सर मांडीवर कागदाचं पाकीट धरून खिडकीतून बघत होते. वस्तीवर पोचलो तेव्हा सासरे अंगणात बाजेवर बसलेले. मनीषा नव्हती. माहेरी पाठवून दिली, म्हणाले, आणि आमच्याकडं बघायचं टाळलं.

सरांनी आपण कोण ते सांगितलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, पदरचं काही घातलं नाही. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. धाकट्या मुलानं कागद वाचून दाखवला. सातही ओळी वाचल्या, प्रत्येक वेळी "जागा नाही" म्हणाला. ऐकताना म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, मोजत असावा.

"म्हंजी सून दाबीत हुती," तो म्हणाला.

"हो. सातदा दाबलं त्यांनी. बरोबर बटण, बरोबर वेळेला."

मला वाटलं, आता हा सरांच्या अंगावर येईल, आणि खरं सांगते, यावा असं वाटत होतं. निदान काहीतरी झालं असतं. तो बाजेवरून उठला नाही. मग मुलाच्या हातातून कागद घेतला, त्याच्या घड्या होत्या तशा परत घातल्या आणि सरांपुढं धरला.

"ह्यो कागद तुमी घिऊन जावा," तो म्हणाला. "ह्या हातानं म्या तिला भाईर काढली, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. ह्यो घरात ऱ्हायला तर म्या जगू कसा?"

सरांनी विचारलं, माहेर कुठं? पाथर्डीकडं, पण तिथंही आता कुणी नाही, भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली म्हणतात. कोणत्या कारखान्यावर? माहीत नाही. तिचा नंबर? संतोषचाच फोन घेऊन गेली, धाकटा म्हणाला, जाताना तेवढाच मागितला तिनं.

तो नंबर आमच्याकडं होताच. सातही ओळींच्या सुरुवातीला तोच होता.

परतीच्या एसटीत बसल्याबसल्या सरांनी तो लावला. वाजला. कुणीतरी उचलला. शेजारी बसल्यानं मला ऐकू येत होतं, मागं ट्रकचा आवाज, कुणीतरी लहान मूल रडत होतं. सर घाईघाईनं म्हणाले, "मनीषाताई, मी पगारे बोलतोय, श्रीरामपूरहून, तुमचं बटण..." आणि टुक. तिनं ठेवला की रेंज गेली, देव जाणे. सरांनी परत लावला तर बंद. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

साहेबांनी त्यांना काढलं नाही. त्यांनीच यायचं सोडलं. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, मला आता लाल बटण दाबता येत नाही ताई, बोट जात नाही. फॅन अजून ऑफिसात आहे, आता तो नुसता वाऱ्यासाठी वापरतात.

वर्षभरात सर खचत गेले. काय आजार होता ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. त्यांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी, सगळं केलं. जेवण कमी, बोलणं कमी. आठवण कधी असायची, कधी नसायची. त्याआधी उसाच्या गळिताच्या हंगामात सर दोन वेळा टोळ्यांच्या तळांवर विचारत हिंडून आले होते, कारखान्यांच्या मागच्या कोप्यांमधून, पाचटाच्या झोपड्यांमधून, तो कागद घेऊन. मनीषा नावाच्या तीन बाया भेटल्या म्हणे, त्यांतली ती कुणीच नव्हती. गेल्या पावसाळ्यात सर गेले. चर्चच्या मागच्या दफनभूमीत मी माती टाकली तेव्हा त्यांच्या खिशात फ्यूज होता, मंगलाबाईंनी तो तसाच राहू दिला होता. कागद माझ्याकडं आला. माझ्या कपाटात आहे. ज्या बाईसाठी लिहिला तिनं तो अजून पाहिलेला नाही, आणि ती कुठंतरी जगते आहे, नवऱ्याला आपण मारलं असं लोक म्हणतात ते ऐकत. कदाचित आता तिलाही ते खरं वाटत असेल. ही गोष्ट मला जेवू देत नाही. त्या दोनशे जागा मागायला मी उठले होते, सर नव्हते उठले.

शेवटची भेट झाली ती ते जायच्या महिनाभर आधी. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी त्यांच्या घरी गेले. रेल्वे लाईनीजवळचं बैठं घर, ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, त्यात सर. अंगावरचा शर्ट दोन माणसांना पुरेल एवढा सैल झालेला. त्यांनी मला ओळखलं. ताई, फोन फार येतात का अजून, असं विचारलं. मंगलाबाई आत चहा टाकायला गेल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, आता त्यांच्या फोनची वेळ झाली, तुम्ही बसा, काही बोलू नका.

सरांनी मोबाईल उचलला, नंबर पाठ होता, लावला. फोनच्या आतल्या बाईचा आवाज बाहेर ऐकू येत होता. आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे. मग तेच हिंदीत, मग तेच इंग्रजीत. आपण सगळेजण पहिल्या दोन शब्दांतच फोन ठेवतो. सर कान लावून ऐकत होते, जणू ती बाई काहीतरी नवीन सांगणार आहे. मंगलाबाईंनी मला नंतर सांगितलं, दर महिन्याला ते त्या नंबरावर रिचार्ज मारायचे, नाहीतर कंपनी तो नंबर काढून घेईल आणि दुसऱ्याला देईल. आता ते मी मारते. फोन लावायची मात्र माझी छाती होत नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, दीड वर्ष झालं. तुम्हीच म्हणायचात ना, बोलत नाही त्याच्यासाठी जागा अडवून ठेवायची नाही."

त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, भंडारदऱ्याच्या माणसाच्या वेळी थांबवलं होतं तसंच. आतली बाई परत मराठीत सुरू झाली, परत हिंदीत, परत इंग्रजीत. मग तिचं संपलं आणि टुक असा आवाज आला. सरांनी सावकाश फोन मांडीवर ठेवला.

"ठेवला तिनं," म्हणाले. "उद्या करू."